तांबड्या घोडीचं गाणं कुणाचं

माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा मूर्खपणा मी अगदी वळणदार अक्षरात केला. पुण्यातल्या एका कॅसेट कंपनीच्या ऑफिसात एक छापील कागद माझ्यापुढं सरकवला गेला. त्यावर 'गीत' असं छापून पुढं रेघ मारलेली होती, खाली 'संगीत', पुढं आणखी एक रेघ. गाणं माझं होतं. शब्द न् शब्द मी आमच्या घराच्या माळ्यावर, बँडच्या फाटक्या ढोलावर बसून लिहिला होता. आणि मी काय केलं, तर पेनाचं टोपण काढलं, ओठावरनं जीभ फिरवली आणि दोन्ही रेघांवर लिहिलं, 'पारंपारिक'. म्हणजे स्वतःचं नाव नाही ते नाहीच, वर तो शब्दही चुकला. पारंपरिक पाहिजे, मी एक काना फुकट वाटला. कंपनीनं तो तसाच छापला. माझी नात आता विचारते, आजी, गिटारवर ओवी गाणारी, स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी आपल्याकडची पहिली बाई तू ना? मी म्हणते, व्हय बाई, पहिली. आणि पहिल्याच गाण्याला बेवारस करणारी पण पहिलीच.

एवढी शिकलेली पोरगी असं का वागली, ते सांगायचं तर आधी आमचं घर सांगावं लागेल. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमच्या घराला कुणी नंबरानं ओळखत नसे. बँडवाल्याचं घर म्हटलं की शेंबडं पोरही आणून सोडायचं. माझ्या वडिलांचा, नानांचा, लग्नाचा बँड होता. घरात माणसांपेक्षा वाद्यं जास्त, आणि वाद्यांना जागा चांगली. ट्रंपेटी खुंटीवर, मोठा बास देवघराच्या शेजारी, साइड ड्रम कॉटखाली, आणि आम्ही उरलेल्या जागेत. लग्नसराईच्या आधी आई चिंच भिजत घालायची. आमटीसाठी नव्हे, पितळ घासायला. अंगणात सगळी वाद्यं मांडून आम्ही चिंचेच्या चोथ्यानं आणि राखेनं ती लखलखीत करायचो, आणि मग त्या दिवशी आमटीला चिंच उरायची नाही. माझ्याकडं आणखी एक काम होतं, लाल कोटांची सोनेरी बटणं टाकायचं. वीस कोट, प्रत्येकाला आठ बटणं, आणि प्रत्येक वरातीत नाचणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी एकतरी तोडलेलं. तालमीतल्या पोरांची शड्डू ठोकल्याची थपथप भिंतीपलीकडून यायची, आणि अलीकडं दस्तगीरमामांचा क्लॅरनेट एकच सूर धरून बसलेला असायचा. दस्तगीरमामा नानांच्या बँडमधले सगळ्यात जुने वादक. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन अंगणात बसायचे, एक सूर लांबवायचे, आणि आई चहा घेऊन बाहेर आली की तेवढ्यापुरता तोडायचे.

आणि आई दळायची. पेठेत कधीच गिरण्या झाल्या होत्या, पण गिरणीचं पीठ तापतं, भाकरीला चव राहत नाही, असं तिचं म्हणणं. खरं कारण मला फार उशिरा कळलं. जात्यापाशी तिला कुणी हाक मारत नसे. नाना मारत नसत, आजी मारत नसे, बँडची माणसं तर वाट वाकडी करून जायची. तेवढा वेळ तिचा. ती गायची ते शब्द नेहमीचेच, भाऊराया, माहेर, तुळस. पण चाल वेगळी असायची. दुसऱ्या ओळीला वर जाऊन एकदम खाली उतरायची, पायरी चुकल्यासारखी. मी ती चाल रोजच्या कण्या-ताकासारखी ऐकली. म्हणजे फुकट मिळालेली, कायमची असलेली, कुणाची नसलेली. जात्याला मालक असतो, चालीला कुठला, असं त्या वयात वाटायचं. त्या वयात मला बरंच काही वाटायचं.

गिटार घरात आली ती कुणा ऑर्केस्ट्रावाल्याची. तो मुंबईला गेला तो गेलाच. नाना म्हणाले, ही तंबोरीची बहीण ठेवा कुठंतरी. मग ती न्हाणीजवळच्या खुंटीला लटकली आणि तिच्या मानेवर आम्ही टॉवेल वाळत घालायला लागलो. मी ती माळ्यावर नेली तेव्हा तिला पाच तारा होत्या. गिटारीला सहा तारा असतात हे मला सव्वा वर्ष ठाऊक नव्हतं. दस्तगीरमामांनाही नव्हतं. त्यांनी क्लॅरनेटवर सूर देऊन देऊन मला पाच तारा लावायला शिकवल्या आणि त्या पाचांवर मी आईची चाल बसवली. पुढं मोठमोठ्या माणसांनी माझ्या वाजवण्याला 'हौसाबाईंची खास शैली' वगैरे म्हटलं. खास कसली? एक तार कमी होती. पण ऐकायला ते धड गावठी नव्हतं, धड पिक्चरचं नव्हतं. ओवी म्हणावी तर मध्येच पाय ताल धरायचा. पिक्चरचं गाणं म्हणावं तर पिठाचा वास यायचा. त्या वेळी त्याला नाव नव्हतं. आता पोरं इंग्रजी नाव देतात, देऊ देत.

आता मोटरसायकल. नानांनी एका हंगामात जुनी, लाल रंगाची मोटरसायकल घेतली. हँडलवर दोन गोल आरसे, त्यांच्या कडा पितळेच्या. नानांनी त्या कडाही चिंचेनं घासायला लावल्या. थोरल्या भावानं ती चालवायची, नानांनी चालवायची, बँडमधल्या कुणालाही निकड असली तर त्यानं चालवायची. मी मात्र मागं, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, पदर सांभाळत बसायचं. मी विचारलं, का? नाना म्हणाले, पोरी चालवत न्हाईत. पुन्हा विचारलं, का चालवत न्हाईत? तर म्हणाले, बघितलीयास का कुठं? या उत्तराला उत्तर एकच होतं, की कुणीतरी बघावी अशी व्यवस्था करणं.

एका दुपारी, लग्नाचं जेवून नाना घोरत होते आणि आई आजीला दवाखान्यात घेऊन गेली होती, तेव्हा मी ती बाहेर काढली. ओळखू येऊ नये म्हणून काय हुशारी केली असेल? भावाची पँट चढवली आणि वर बँडचा कोट घातला. लाल भडक, सोनेरी बटणांचा, खांद्यावर झालर असलेला. शिवाय टोपी. कुणाला दिसू नये म्हणून एवढं नटून मी लाल गाडीवरून भर दुपारी पंचगंगेचा पूल ओलांडला. रस्त्यातली माणसं वळून बघत होती. वरातीतून एक बँडवाला पळाला असंच त्यांना वाटलं असणार. केर्ली गाव मागं पडलं, जोतिबाचा चढ लागला, वारा टोपीत शिरला आणि मी मोठ्यानं गायला लागले. काय गात होते ते आठवत नाही. भीती वाटत नव्हती हे आठवतं. उतरताना वाटली. एका वळणावर गुलाल-खोबऱ्याची दुकानं होती, तिथं ब्रेक म्हणून जे दाबलं ते ब्रेक नव्हतं. गाडी आडवी, मी आडवी, आणि आमच्यावर टोपलीभर गुलाल.

दुकानातली म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझी टोपी पडली होती, वेणी बाहेर आली होती. ती जराही दचकली नाही. म्हणाली, "बया, घोडी उधळली व्हय गं?" मग तिनं मला उठवलं, पाणी दिलं आणि गाडी उभी करायला आपल्या म्हाताऱ्याला हाक मारली. टाकीला नारळाएवढा पोचा पडला होता. मी घरी आले, गाडी होती तिथं लावली, गुलाल धुतला. पण माझ्या डोक्यातनं ती घोडी काही जाईना. चार दिवसांत माळ्यावर गाणं तयार झालं.

तांबडी माझी घोडी, तिचं पितळंचं कान
जोतिबाच्या वाटंला गं, विसरली ती भान

खाईना ती चारा, पिईना ती पाणी
एका लाथंत बोलती गं, रानभर गाणी

पोटामधी जाळ, मागं धुराची रेघ
माझ्या घोडीच्या पुढं गं, मागं पडला मेघ

पोच्याचं काय झालं, तेही सांगते. आमच्या गल्लीतून रोज सकाळ-संध्याकाळ बाळगोंडा गवळी आपल्या म्हशी दूधकट्ट्यावर घेऊन जायचा. तिथं म्हैस समोर पिळून ग्लासात फेसाळ दूध द्यायचे, आणि नाना ते उभ्या उभ्या पिऊन मिशा पुसायचे, हा वीस वर्षांचा नेम. त्या संध्याकाळी म्हशी गेल्या आणि नानांची नजर टाकीवर पडली. खटला तिथल्या तिथं उभा राहिला आणि निकालही लागला. बाळगोंडाची मोठी म्हैस शिंग घासून गेली. बाळगोंडा गळ्याची शपथ घेऊन सांगत होता की माझी म्हस असलं करायची न्हाय, ती गरीब हाय. नाना ऐकेनात. त्या दिवसापासून नानांनी बाळगोंडाशी बोलणं सोडलं, दूध सोडलं, गल्लीतून म्हशी चालल्या की दार लावून घ्यायला लागले. दीड वर्ष. मी दाराच्या आत उभी राहून म्हशीची मान खाली घालून जाणारी मूर्ती बघायचे आणि मलाच मान वर करवायची नाही. पण बोलले नाही. म्हशीवर ढकलणं सोपं होतं. म्हैस उलट बोलत नाही.

आता कळेल, मी 'पारंपारिक' का लिहिलं. मलकापूरला माझ्या वर्गमैत्रिणीचं लग्न होतं, बँड आमचाच. ऐन स्वागत समारंभात आमच्या गायकाचा घसा बसला. नानांचं तोंड उतरलेलं बघून मी दस्तगीरमामांना खूण केली, गिटार घेतली (ती मी मैत्रिणीला खोलीत गाणं म्हणून दाखवायला नेली होती) आणि घोडीचं गाणं म्हटलं. वऱ्हाडी जेवायचे थांबले. नवऱ्याकडच्या पाहुण्यांत कॅसेट कंपनीचे शेठ होते. ते नानांकडं आले आणि नाना माझ्याकडं वळले, कुणाचं गं हे गाणं? एका क्षणात माझ्या डोळ्यापुढून गाडी, पोचा, म्हैस सगळी वरात गेली. मी म्हणाले, जुनं हाय नाना, जोतिबाचं. बायका म्हणतात. पारंपरिक हाय. नानांनी हात जोडले. देवाचं म्हटल्यावर पोरीनं चार लोकांत गायलं तर काय हरकत? असं मला पुण्याला जायला मिळालं, आणि तिथं त्या कागदावर मी खोटं कायम केलं. दस्तगीरमामा क्लॅरनेट वाजवायला सोबत होते. परत येताना गाडीत ते एवढंच म्हणाले की शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो ते मिरवायला न्हवं पोरी, गाणं फडातनं चोरीला जातं म्हणून घालतो. मी हसले. एकवीस वर्षांच्या माणसाला हसण्याशिवाय दुसरं काय येतं?

कॅसेट चालली म्हणजे काय चालली. चैत्रातल्या यात्रेत डोंगरभर कर्ण्यांतून माझा आवाज. दुसऱ्या बँडवाल्यांनी उचललं, मग खुद्द नानांचा बँड वरातीत घोडीचं गाणं वाजवायला लागला आणि नाना डोळे मिटून ट्रंपेट फुंकायचे, भक्तीनं. माझ्या नावाचा कुठं पत्ता नाही. लोक म्हणायचे, गाणं जुनंच हाय, ती पोरगी फक्त म्हणती. तरीही मला आधी मजाच वाटली. मजा संपली ती दुसऱ्या कॅसेटला. मी नवी आठ गाणी लिहून नेली, सगळी माझ्या नावाची. शेठ चांगला माणूस होता, चहा मागवला आणि समजावून सांगितलं. म्हणाले, "हौसाताई, पारंपरिक लिहिलं की माणूस हात जोडून ऐकतो. तुमचं नाव लिहिलं की विचारतो, ही कोण? नाव घालायचं तर मला ही कॅसेट काढायची नाही." आठच्या आठ गाणी. पिशवीत घालून मी परत आणली. सबंध रस्ता मला कळत होतं की हे मीच शिकवलंय त्यांना, माझ्याच अक्षरात.

त्याच महिन्यात कॉलेजच्या सभागृहात माझा सत्कार ठरला. एक प्राध्यापक लोकगीतांवर मोठं पुस्तक लिहीत होते. त्यांचं नाव मी सांगणार नाही, त्यांची नातवंडं माझ्या कार्यक्रमांना पुढच्या रांगेत असतात. परंपरा जपल्याबद्दल शाल-श्रीफळ, त्याआधी त्यांचं व्याख्यान, शेवटी माझं गाणं. पेठेतली पोरगी म्हटल्यावर अख्खी पेठ रविवारी सकाळी आंघोळी करून हजर. नाना पहिल्या रांगेत, बँडचा नवा कोट घालून. आई बायकांत. आणि बाळगोंडासुद्धा, मागं दाराशी, नानांकडं पाठ करून.

सर बोलायला लागले. आवाज गोड, मराठी शुद्ध. ते म्हणाले, ही रचना किमान दोनशे वर्षांपूर्वीची असून ती पुस्तकात पहिल्याच पानावर छापली जाणार आहे. तांबडी घोडी म्हणजे गुलालानं माखलेलं देवाचं वाहन. पितळेचे कान ही मंदिरातली घंटा. चारा खात नाही, पाणी पीत नाही, यावरून ती लौकिक घोडी नव्हे हे उघड आहे. पोटातला जाळ म्हणजे जठराग्नी नव्हे, तो वैराग्याचा अग्नी. धुराची रेघ म्हणजे ऊद. लोक माना डोलवत होते. नानांनी डोळे पुसले. मी स्टेजवर, मांडीवर गिटार, आणि आधी मला हसू येत होतं, पदर तोंडात कोंबावा इतकं. मग ते म्हणाले की या रचनेचा कर्ता कुणी अनाम पुरुष भक्त असावा, कारण प्रवासाचा असा मुक्त अनुभव त्या काळी स्त्रीला येणं शक्य नव्हतं. आणि माझं हसू गेलं. पुस्तकात छापलं की संपलं, हे मला ठाऊक होतं. मग मी जन्मभर सांगत फिरले असते तरी कुणी ऐकलं नसतं.

"आणि 'एका लाथेत बोलती'," सर म्हणाले, "हा तर अनुग्रहाचा क्षण. ईश्वराचा पदस्पर्श."

मी माइक ओढला. "सर, ती किक हाय."

ऐकूच आलं नाही असं त्यांनी दाखवलं. मी पुन्हा सांगितलं. "ती घोडी न्हाय, मोटरसायकल हाय. कान म्हंजे आरसं. आणि धूर, धूरच हाय. गाणं मी लिवलंय."

सर हसले, लहान पोरीकडं बघून हसावं तसं. "बाळ, भावना समजतो मी. परंतु भाषेवरूनच दिसतं, रचना दोनशे वर्षांची आहे."

"मी एकवीस वर्सांची हाय सर. आणि गाणं माझ्याहून लहान हाय."

आता लोक हसायला लागले. सरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, कंपनीच्या कागदावर तर पारंपरिक असं छापलंय, ते तुम्हीच लिहून दिलंत ना? मी म्हटलं, व्हय, मीच लिहिलं आणि चुकीचं लिहिलं, काना पण जादा दिलाय, बघा. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. गाणं तुमचं, याला पुरावा काय?

पुरावा होता. सभागृहाबाहेर नानांच्या गाडीवर होता, नारळाएवढा. तो दाखवायचा तर पहिल्या रांगेत बसलेल्या नानांच्या तोंडावर सांगायचं, की गाडी मी नेली, मी पाडली, देवाच्या नावाखाली तुमच्याशी खोटं बोलले आणि दीड वर्ष एका गरीब जनावराला आणि त्याच्या मालकाला पेठेसमोर आरोपी करून ठेवलं. नाना चिडले तर गिटार पुन्हा टॉवेल वाळवायला जाईल, हेही दिसत होतं. तेव्हा मी काय विचार केला? काहीच नाही. आता लिहिताना विचार केल्यासारखं वाटतं, एवढंच. मी तारा छेडल्या आणि आईच्या चालीत, तिथल्या तिथं जोडून, म्हटलं:

बँडवाल्याची लेक मी, हौसा माझं नाव
टाकी मीच चेपली गं, म्हशीला ठेवू नका नावं

दुसऱ्या ओळीला चाल खाली उतरली तेव्हा साथीला बाजूला बसलेल्या दस्तगीरमामांचा क्लॅरनेट माझ्यासोबत उतरला. त्यांना कुणी खूण केली नव्हती. ओळ पुरी झाली आणि दाराशी बाळगोंडा खुर्चीवर चढला. त्यानं फक्त एकदाच, पण गल्लीत म्हशी हाकायच्या आवाजात विचारलं, "ऐकलंसा का बँडवालं?"

पुढचा गोंधळ मी धड पाहिला नाही, कारण मी नानांकडं बघत होते. ते उठले, कोट सारखा केला आणि बाहेर गेले. बाहेर गाडीची किक ऐकू आली, एका लाथेत. सरांनी शालीची घडी मोडली नाही; म्हणाले, हा सत्कार परंपरेचा आहे, तुमचा नव्हे. मी म्हटलं, बरोबर हाय, तिलाच घाला. आणि नारळही न घेता स्टेजवरून उतरले. हे मी पुढं मुलाखतींत फार ऐटीत सांगत आले आहे. खरं तर गिटार काठीसारखी टेकत मी कशीबशी घरापर्यंत आले, आणि तिच्या बुडाला कायमची चीर गेली.

नाना घरी नव्हते. ते थेट दूधकट्ट्यावर गेले होते. बाळगोंडाच्या म्हशीपुढं उभं राहून त्यांनी दोन ग्लास दूध प्यायलं, आणि बघणारे सांगतात की जाताना तिच्या पाठीवर थाप मारली. घरी आल्यावर पुढचे दोन दिवस मी भाकरी वाढायचे, ते खर्डा मागायला आईकडं बघायचे. माळ्यावरच्या गिटारीला मात्र कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी बटणं टाकत बसले होते, तर शेजारी येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, घाट उतरताना कुठल्या गिअरला होतीस? मी म्हटलं, चौथ्या. ते म्हणाले, मग पडणारच की. दुसऱ्याला घ्यायची. त्या दिवसापासून गाडीची किल्ली खुंटीवर मला पोचेल इतकी खाली लटकायला लागली. पोचा नानांनी कधी काढून घेतला नाही. ज्यानं त्यानं विचारावं आणि त्यांनी सांगावं, लेकीनं पाडलाय.

शेठचं पत्र आलं महिन्याभरात. कोल्हापूरचे दुकानदार सांगत होते, गिऱ्हाईक येऊन घोडीचं गाणं मागत नाही, 'मोटरसायकलवालीचं' मागतं. मग पारंपरिक छापून चालणार कसं? ती आठ गाणीही त्यांना हवी होती, नावासकट. मी उलट टपाली कळवलं, आधी पहिली कॅसेट दुरुस्त करा, मग बोलू. आज लिहिताना मला त्या पोरीचा एवढाच भाग आवडतो. नव्या छपाईच्या कॅसेटींचं पुडकं घरी आलं तेव्हा मी ते अंगणात सगळ्यांसमोर फोडलं. आतल्या कागदावर स्वच्छ छापलं होतं, 'गीत आणि संगीत : हौसा'. नानांनी वाचलं. दस्तगीरमामांनी चष्मा लावून वाचलं आणि पुन्हा पुडक्यात ठेवताना कागदावरून अंगठा फिरवला. मी पेठेतल्या प्रत्येक घरात एकेक वाटायला निघाले, आणि सगळ्यात आधी आईला द्यावी म्हणून आत गेले.

आई जात्यापाशी होती. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण छापलेलं नीट लावून वाचायची. तिनं पिठाचा हात पदराला पुसला, कागद दारातल्या उजेडाकडं धरला आणि बोटानं एकेक अक्षर दाबत वाचलं. 'गीत' वर बोट थांबलं, पुढं सरकलं. 'आणि' झालं. 'संगीत' वर आलं आणि तिथंच राहिलं. बाहेर नाना कुणालातरी पोचा दाखवत होते, हसण्याचा आवाज येत होता. मी उभी, पेढा मिळणार असल्यासारखी. आईनं कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला, जात्याचा खुंटा धरला, आणि एक फेरा पुरा झाल्यावर, वर न बघता म्हणाली:

"शबुद तुझं, ते तू घेतलंस, बरं केलंस. चाल माझी हाय. तू पोटात व्हतीस तवा बांधलीया, हितंच बसून. आता त्या शेठला लिव. आणि लिवशील तवा बँडवाल्याची बायकू म्हणून लिवू नगंस. मला नाव हाय. अनुसया."